पाऊस सरासरीइतका, तरी पाण्याचा हिशेब का चुकतो?

2025 च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीला आलेल्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा आणि मोहोळ या तालुक्यांतील कितीतरी गावे पाण्याने वेढली गेली. शेजारच्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत उभे सोयाबीन पाण्यात कुजले आणि ओढ्याकाठच्या शेतांतून पिकांबरोबर खालची मातीही वाहून गेली. उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजणाऱ्या या मुलखात माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले, तेव्हा हा प्रदेश दुष्काळी म्हणायचा की पूरग्रस्त, असा प्रश्न अनेकांना पडला.

प्रश्न रास्त आहे. दुष्काळ म्हणजे पाणी नसणे आणि पूर म्हणजे पाणी जास्त असणे, म्हणून एक वाढला की दुसरा आपोआप कमी होईल, असे आपण सहज धरून चालतो. हवा तापू लागली की हा समज टिकत नाही, कारण तीच तापलेली हवा पावसात मोठे खंड पाडते आणि पाऊस आला की तो एकदम ओतते. वर्षाअखेरीस मिलिमीटरची बेरीज पूर्वीइतकीच येऊ शकते, तरीही नदीतले, विहिरीतले आणि घरच्या नळातले पाणी पूर्वीसारखे राहत नाही. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी अगदी मुळापासून, म्हणजे पाऊस जमिनीवर पडल्यानंतर त्याचे काय होते तिथपासून, सुरुवात करावी लागेल.

पडलेला पाऊस आणि मिळालेले पाणी

अंगणातल्या तुळशीला चार दिवस पाणी घातले नाही आणि पाचव्या दिवशी तांब्याभर पाणी एकदम ओतले, तर काय होते हे सर्वांनी पाहिले आहे. पाणी कोरड्या मातीवरून घसरते, कडेने खाली सांडते आणि थोडी मातीही सोबत नेते. रोपाच्या मुळाशी फारच थोडे पोचते. तेवढेच पाणी रोज थोडे थोडे घातले असते, तर ते सगळे मुरले असते. दोन्ही वेळा पाणी सारखेच होते.

नदीचेही असेच आहे. ज्या भूभागावर पडलेले पाणी उताराने एका नदीकडे येते त्याला त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. पाणलोटात पडलेल्या पावसातला पहिला वाटा माती घेते, झाडे आणि पिके ते पाणी शोषून हवेत सोडतात, काही पाणी उन्हाने थेट उडून जाते, काही खोल मुरते आणि जे उरते ते ओढ्यांतून नदीत येते. भारतात दरवर्षी पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे 3,900 अब्ज घनमीटर पाणी पडते. त्यातले नद्यांना मिळते सुमारे 2,000 अब्ज आणि साठवून किंवा उपसून प्रत्यक्ष वापरता येण्याजोगे असते सुमारे 1,100 अब्ज घनमीटर. नदीला मिळते ती शिल्लक असते, ही गोष्ट पुढचे सगळे समजण्यासाठी लक्षात ठेवायला हवी.

शिल्लक म्हटली की घरखर्चाचे गणित आठवते. ज्याचा पगार 30,000 रुपये आहे आणि टाळता न येणारा खर्च 20,000 आहे, त्याच्या हाती 10,000 उरतात. पगार दहा टक्क्यांनी कापला गेला, म्हणजे 27,000 झाला, तर खर्च काही कमी होत नाही आणि शिल्लक 7,000 वर येते. पगार दहा टक्क्यांनी घटला, शिल्लक मात्र तीस टक्क्यांनी घटली. कोरड्या प्रदेशातल्या पाणलोटांत नेमके असेच होते: पाऊस दहा टक्के कमी पडला तर नदीतला प्रवाह वीस-तीस टक्क्यांनीही घटू शकतो. शिवाय हवा तापली की माती, पिके आणि ऊन यांचा मिळून होणारा तो ‘खर्च’ही वाढतो. म्हणून ‘पाऊस तर फक्त थोडासा कमी झाला’ हे वाक्य ऐकले की मला त्या घराची शिल्लक आठवते.

तापलेल्या हवेची मोठी घागर

हवेत वाफेच्या रूपाने पाणी असते आणि हवा जितकी उष्ण तितकी जास्त वाफ ती सामावून घेऊ शकते. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले तर ही क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. हा पदार्थविज्ञानाचा जुना, पक्का नियम आहे आणि त्यात मतभेदाला जागा नाही.

घागर मोठी झाली की ती भरायला वेळ लागतो आणि ओतली की जास्त पाणी सांडते. पावसाबाबत या दोन्ही गोष्टी अनुभवाला येतात. एकीकडे तापलेली हवा जमिनीतला आणि झाडांतला ओलावा अधिक ओढते, त्यामुळे दोन पावसांमधले कोरडे दिवस जास्त कोरडे जातात. दुसरीकडे ढग जमून आले की पूर्वी दोन दिवसांत पडणारा पाऊस काही तासांत पडतो. समुद्र तापल्याने या घागरीला पुरवठाही वाढतो. 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे एक अंशाने वाढले, आणि अरबी समुद्र हा त्याचाच भाग आहे.

हे नुसते तर्क नाहीत. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये भारतातील हवामानबदलाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला आणि तो प्रामुख्याने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी तयार केला होता. त्यानुसार 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले, मध्य भारतात एका दिवसात 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या, आणि पावसाळ्यातले कोरडे खंड 1951–1980 च्या तुलनेत 1981–2011 या काळात 27 टक्क्यांनी जास्त वेळा पडले. अतिवृष्टी आणि उघडीप या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढत आहेत, हे त्या आढाव्यातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे.

2023 चा पावसाळा आठवून पाहा. देशभरात जुलैमध्ये सरासरीच्या 113 टक्के पाऊस झाला, ऑगस्टमध्ये अवघा 64 टक्के आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा 113 टक्के. तो ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्यामागे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या ‘एल निनो’ या स्थितीचाही हात होता. चार महिन्यांची बेरीज मात्र 94 टक्के आली, म्हणजे कागदावर थोडीशीच तूट. फुलोऱ्यात आलेल्या ज्या सोयाबीनला ऑगस्टभर पाणी मिळाले नाही, त्याला सप्टेंबरच्या पावसाचा काही उपयोग नव्हता. सरासरीच्या आकड्यात हे नुकसान कुठेच दिसत नाही.

पाऊस वेळेप्रमाणे जागेच्या बाबतीतही असाच वागतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात जेमतेम 74 मिलिमीटर. ज्या धरणाच्या पाणलोटात ढग रिकामा होतो तिथे दरवाजे उघडावे लागतात आणि शेजारच्या खोऱ्यात मृतसाठ्यावर, म्हणजे कालव्यात सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्यावर, वेळ येते.

काळ्या दगडावरच्या नद्या

महाराष्ट्रातल्या कृष्णा, गोदावरी, भीमा या नद्यांना बर्फाचा आधार नाही. त्या पूर्णपणे पावसावर जगतात. त्यातही हा पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर एकवटलेला असतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सुमारे पाचशे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जे काही घडते त्यावर पुढे शेकडो किलोमीटरपर्यंतच्या शेतीचे आणि शहरांचे पाणी ठरते.

दुसरी गोष्ट जमिनीखालची आहे. राज्याचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. उत्तर भारताच्या मैदानात शेकडो मीटर खोल वाळूचा आणि गाळाचा थर आहे, तो स्पंजासारखा पाणी धरतो. आपला खडक फक्त भेगांमध्ये आणि झिजलेल्या मुरुमाच्या थरात पाणी धरतो, आणि ते थोडे असते. त्यामुळे आपल्याकडे भूजल भरायला हळू, सतत पडणारा पाऊस लागतो. जुन्या माणसांच्या बोलण्यात पावसाला किती नावे होती: झड, भिजपाऊस, संततधार. आठ-आठ दिवस लागणाऱ्या झडीला कंटाळणारी माणसेही जाणून होती की विहिरींना पाझर फुटतो तो त्याच पावसाने. तासाभरात शंभर मिलिमीटर कोसळणारा पाऊस या भेगांतून आत शिरायच्या आत ओढ्याला लागतो.

याचा परिणाम नदीवर महिन्यांनी दिसतो. पाऊस थांबल्यावर डिसेंबर-जानेवारीत नदीत जे पाणी वाहते ते ढगांतून आलेले नसते. जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांतून हळूहळू नदीत उतरत असते. पाऊस मुरलाच नाही, तर सप्टेंबरमध्ये दुथडी भरून वाहिलेली नदी संक्रांतीपर्यंत डबक्यांच्या रांगेत बदलते. मग तिच्यात येणारे शहरांचे सांडपाणी पातळ करायला पाणीच उरत नाही, आणि टंचाईबरोबर काठावरच्या गावांत दूषित पाण्याचे आजारही येतात. पूर ओसरल्यावर वृत्तपत्रांतून नदी नाहीशी होते. तिच्या काठावरच्या बायकांची घागर घेऊन चालण्याची वाट मात्र तेव्हापासूनच लांबू लागते.

धरण कोणत्या पावसासाठी बांधले?

इथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. धरण बांधताना अभियंते आधी विचारतात की या जागी वर्षाला किती पाणी येईल. पाणलोटातून धरणात येणाऱ्या पाण्याला जलसंपदा विभागात ‘येवा’ म्हणतात. येवा दरवर्षी वेगळा असतो, म्हणून जुन्या नोंदी मांडून असा आकडा काढला जातो की शंभरातल्या 75 वर्षी किमान तेवढे पाणी नक्की येईल. याला 75 टक्के विश्वासार्हतेचा येवा म्हणतात. धरणाची उंची, कालव्याची लांबी, किती हेक्टर भिजणार आणि कोणत्या शहराला किती पाणी, हे सगळे या एका आकड्यावर उभे असते.

राज्याराज्यांतले वाटपही असेच ठरले. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने 1894–95 पासूनच्या 78 वर्षांच्या नोंदी घेऊन 75 टक्के विश्वासार्हतेने कृष्णेचे पाणी 2,060 टीएमसी धरले. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या मापात सुमारे 2,830 कोटी लिटर. त्यातले 560 टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने 1961–62 पासूनच्या 47 वर्षांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा त्याच 75 टक्के विश्वासार्हतेला आकडा 2,173 टीएमसी निघाला. नदी तीच, पद्धतही तीच. वर्षे बदलली तर 113 टीएमसीचा फरक पडला, म्हणजे एका कोयना धरणाच्या साठ्याहून जास्त.

या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे: पुढची पन्नास वर्षे मागच्या पन्नास वर्षांसारखी असतील. जोवर हवामान स्थिर होते तोवर ते योग्यच होते आणि त्या पिढीच्या अभियंत्यांना त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. आज मात्र वर्षाचा एकूण येवा पूर्वीइतका आला तरी त्यातला मोठा भाग चार-पाच दिवसांत येतो, आणि वर्षाचा आकडा एवढेच सांगतो की पाणी आले. ते धरणात मावले की सांडव्यावरून निघून गेले, हे तो सांगत नाही.

साठलेल्या पाण्यालाही उष्णता सोडत नाही. पैठणचे जायकवाडी धरण पसरट आणि उथळ आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरते. एवढ्या पसाऱ्यावरून फक्त एक मिलिमीटर पाणी उडाले तरी 35 कोटी लिटर गेले, आणि मराठवाड्याच्या उन्हात एका दिवसात याच्या कितीतरी पट पाणी उडते. त्यात जोरदार सरींबरोबर वाहून येणारा गाळ धरणाच्या तळाशी बसून जागा अडवतो, ते वेगळेच.

दार कधी उघडायचे?

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 55 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ, जिथे 45 फूट ही धोक्याची पातळी आहे, कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली. त्याच ऑगस्टमध्ये मराठवाड्यात पाऊस पडावा म्हणून विमानाने ढगांत रसायने फवारण्याचा प्रयोग चालू होता. दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला, चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले आणि पंचगंगा पुन्हा 56 फुटांवर गेली.

अशा वेळी धरणाचे दरवाजे आधीच का उघडले नाहीत, असा संताप व्यक्त होतो. तो समजण्यासारखा आहे, पण दरवाजाशी उभ्या असलेल्या अभियंत्याची अडचणही पाहायला हवी. धरण लवकर भरून ठेवले आणि मागून अतिवृष्टी झाली, तर खालच्या गावांत पूर येतो. धरण रिकामे ठेवले आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर पुढचे आठ महिने कालवे आणि नळ कोरडे राहतात. कोणत्या तारखेला धरण किती भरलेले असावे याचा आराखडा प्रत्येक मोठ्या धरणासाठी असतो, परंतु तो पावसाच्या जुन्या वेळापत्रकावर बेतलेला असतो. पावसाचा परतीचा प्रवास लांबला, किंवा मे महिन्यातच पाऊस दाखल झाला, तर त्या तारखांचा अर्थ बदलतो. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईत पोचला होता. एरवी तो 11 जूनच्या सुमारास येतो.

तारखांवरून वादही होतात. वरच्या नाशिक-अहिल्यानगर भागातल्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, हे ठरवताना 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा आहे का, हा निकष लावला जात आला आहे. ज्या वर्षी तो भरत नाही त्या वर्षी वरचे आणि खालचे शेतकरी न्यायालयात समोरासमोर उभे राहतात. दोन्हीकडची माणसे खरे बोलत असतात आणि दोघांचीही पिके वाळत असतात. पाऊस जितका बेभरवशाचा होईल तितके असे वाद वाढतील.

मुंबईची स्थिती या मानाने बरी वाटते, पण तिचाही हिशेब फार ताणलेला आहे. तिच्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर आहे, ती रोजच्या वापराने जेमतेम वर्षभर पुरते. जून कोरडा गेला की लगेच दहा टक्के पाणीकपातीची घोषणा होते, ती याचमुळे.

हिमालयातली मुदत ठेव

उत्तरेच्या नद्यांचे संकट वेगळ्या प्रकारचे आहे. दख्खनच्या नद्या रोजंदारीवर जगतात असे म्हटले, तर सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्याकडे रोजंदारीशिवाय एक मुदत ठेवही आहे: हिमालयातले बर्फ आणि हिमनद्या. सिंधूच्या खोऱ्यात या वितळपाण्याचा वाटा मोठा आहे, गंगेत तो त्या मानाने कमी आहे; पण उन्हाळ्यात, पाऊस नसताना, त्याच पाण्याचा आधार असतो.

हवा तापली की ही ठेव मोडली जाते. सुरुवातीला हातात जास्त पैसे येतात, म्हणजे नदीत पाणी वाढते, आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते. ठेव संपत आली की तेच पाणी घटू लागते. काठमांडू येथील ‘इसिमोड’ या पर्वतीय प्रदेशांच्या अभ्यास संस्थेने 2019 मध्ये असा अंदाज दिला होता की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग या शतकाच्या अखेरपर्यंत नाहीसा होईल. वितळलेल्या बर्फाची तळी फुटण्याचा धोका तर आजचाच आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक तळे फुटले आणि तीस्ता नदीवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले.

‘दुष्काळ आणि पूर पूर्वीही होतेच की’

होतेच. 1876–78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे मेली आणि 1972 चा दुष्काळ भोगलेली माणसे आजही आपल्यात आहेत. त्या आपत्ती हवामानबदलाने आल्या असे कोणी म्हणत नाही. एखादा विशिष्ट पूर केवळ तापमानवाढीने आला असेही विधान सहसा करता येत नाही. खेळाडूने उत्तेजक घेतले म्हणून त्याचा अमुक एक षटकार त्यामुळेच बसला, हे सिद्ध होत नाही. हंगामभरात त्याचे षटकार किती वाढले हे मात्र मोजता येते. पावसाच्या बाबतीत आपण ते हंगाम मोजत आहोत, आणि 75 टक्क्यांची वाढ हा त्या मोजणीचा निकाल आहे.

‘पुढे पाऊस वाढणार, मग काळजी कसली?’

पावसाची गोष्ट इथे जरा गुंतागुंतीची आहे. 1951 ते 2015 या काळात भारतातला मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात ठळक होती. धूर आणि धूलिकणांमुळे जमीन कमी तापली आणि हिंदी महासागर मात्र तापला. मोसमी वारे ज्या तापमानातल्या फरकावर वाहतात तो त्यामुळे कमी झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे मात्र तापमानवाढीचा जोर वरचढ होऊन एकूण पाऊस वाढेल, असे बहुतेक हवामान प्रारूपे, म्हणजे संगणकावर मांडलेली हवामानाची गणिते, दाखवतात.

पण वाढलेला पाऊस वाढलेल्या पाण्याची हमी देत नाही, हे आपण तुळशीच्या कुंडीत पाहिले. ओंजळ तेवढीच असेल तर नळ मोठा केल्याने पाणी सांडते.

‘सगळे हवामानबदलावर ढकलून कसे चालेल?’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. 1951 मध्ये भारतात दरडोई 5,177 घनमीटर पाणी उपलब्ध होते, 2011 मध्ये 1,545. ही घट प्रामुख्याने लोकसंख्येमुळे झाली. आपण दरवर्षी सुमारे 240 अब्ज घनमीटर भूजल उपसतो, जगात सर्वाधिक. नदीपात्रात भराव घालून बांधलेल्या वसाहती, उपसलेली वाळू आणि बुजवलेले ओढे यांचा दोष ढगांवर टाकता येणार नाही.

2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी द्यावे लागले. मांजरा धरण कोरडे पडायला सलग वर्षांचा अपुरा पाऊस कारणीभूत होता, तसाच त्या भागात वाढत गेलेला ऊसही होता. हवामानबदल अशा आधीच कमजोर झालेल्या ठिकाणी घाव घालतो. ज्या घरावर कर्ज नाही त्याला एक महिन्याची पगारकपात निभावून नेता येते; कर्जात बुडालेल्या घराला ती रस्त्यावर आणते. म्हणून पाण्याचा गैरवापर थांबवणे आणि हवामानबदलाला तोंड देणे ही दोन वेगळी कामे आहेत असे मला वाटत नाही.

‘आणखी धरणे बांधू, नद्या जोडू’

साठवण लागेल, यात शंका नाही. पाऊस कमी दिवसांत पडणार असेल तर तो धरून ठेवायला जागा हवीच. प्रश्न जागा कुठे आणि कशी, हा आहे. उघड्या जलाशयातले पाणी उन्हाने उडते, जमिनीखालचे जवळजवळ उडत नाही. म्हणून जिथे खडक अनुकूल आहे तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध, चर आणि पाझर तलाव करून पाणी मुरवणे हे मोठ्या धरणाला पूरक असे साठवणच आहे. काळ्या पाषाणात या साठ्याला मर्यादा असते, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. चार गावांनी श्रमदान केले आणि पाचव्याने ते पाणी नव्या विंधनविहिरीतून उपसले, तर काही उरत नाही.

नदीजोडणीमागे असा विचार आहे की एका खोऱ्यात जास्तीचे पाणी असते आणि दुसऱ्यात कमी. कोणत्या खोऱ्यात ‘जास्तीचे’ पाणी आहे हेही जुन्या येव्याच्या नोंदींवरूनच ठरते, आणि त्या नोंदींची अडचण आपण वर पाहिली. शिवाय मोसमी पाऊस रुसला की तो बरेचदा शेजारच्या दोन्ही खोऱ्यांवर एकदमच रुसतो. हजारो कोटी खर्च करण्यापूर्वी हा हिशेब नव्या पावसावर पुन्हा मांडायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय हाताशी आहे. पाच-सात दिवस आधीचे पावसाचे अंदाज आता पूर्वीपेक्षा बरेच भरवशाचे झाले आहेत. धरणाच्या आराखड्यात ठरावीक तारखेला जितके महत्त्व आहे तितके या अंदाजांना दिले, आणि अंदाज चुकून धरण थोडे रिकामे राहिले तर त्याची जबाबदारी एकट्या अभियंत्यावर येणार नाही असा नियम केला, तर विसर्ग आधीपासून, बेताने सुरू ठेवता येतो. आज तो अधिकारी चुकण्याच्या भीतीने थांबतो, आणि मग एका रात्रीत सगळे दरवाजे उचलावे लागतात.

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठच्या प्रत्येक शहराच्या नकाशावर दोन पूररेषा असतात किंवा असायला हव्यात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. एकदा पूर येऊन गेला की पुढची 99 वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ लोक लावतात. खरा अर्थ असा की असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. तीस वर्षांचे गृहकर्ज काढून लाल रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत ते पाणी दारात येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते, म्हणजे चारात एक. निळ्या रेषेवर हीच शक्यता 70 टक्के होते. आणि हे गणित पाऊस न बदलता राहील असे धरून केलेले आहे. कोल्हापूरने 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले.

घर घेणाऱ्याने, बँकेने आणि नगरपालिकेनेही म्हणून पहिल्यांदा हे विचारायला हवे की आपल्या नदीची पूररेषा कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवरून आखली आहे, आणि 2019 व 2021 चे पाणी त्या नोंदींत मोजले गेले आहे का.